तीन रकाने भरले, तरी लसीकरण अपुरंच : किनाऱ्यावरच्या एका पिल्लाचं प्रकरण

मी सिंधुदुर्गात खासगी पशुवैद्यकी करतो. हे प्रकरण माझ्याच दवाखान्यातलं आहे. माणसांची ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव गाळलं आहे आणि घरातले तपशील थोडे बदलले आहेत. तारखा मात्र नोंदवहीतल्या आहेत, कारण या प्रकरणात सगळा खेळ तारखांचाच आहे.

पार्श्वभूमी

मालवण आणि देवगडच्या मधल्या पट्ट्यातली एक वाडी. घरात दोघंच म्हातारी माणसं, आबा आणि आजी. मुलगा-सून मुंबईला. हापूसची साठेक कलमं, थोडी काजू, आणि दोन्हींवर टपलेले वांदर. आधीचा कुत्रा दोन वर्षांपूर्वी रात्री पडवीतून वाघाने उचलला (इथे बिबट्याला वाघच म्हणतात). तेव्हापासून घर सुनं होतं आणि वांदरांचं फावलं होतं.

२०२३ चे गणपती १९ सप्टेंबरला होते. मुलगा कोकण रेल्वेने आला तो बुटांच्या खोक्यात काळं लॅब्राडोर पिल्लू घेऊन. जन्म ५ ऑगस्टचा, म्हणजे चतुर्थीला बरोबर ४५ दिवसांचं. कुत्र्यांच्या पैदाशीबाबतच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. पण बाजारात ‘पंचेचाळीस दिवसांचं’ हाच परवलीचा शब्द झालाय. नाव ठेवलं बंड्या.

सोबत लसीकरणाचं कार्ड होतं. त्यावर ४ सप्टेंबर ही तारीख, एक सही आणि ‘पहिला डोस’ असे शब्द. लसीच्या कुपीवरचं स्टिकर नाही, बॅच क्रमांक नाही, लसीचं नावसुद्धा नाही.

पाच दिवसांचे गणपती गेले आणि २५ सप्टेंबरला मुलगा पिल्लाला माझ्याकडे घेऊन आला. त्याला रात्रीच्या गाडीने परतायचं होतं. त्याचा प्रश्न साधा होता: “डॉक्टर, एक झालाय. अजून दोन राहिलेत ना?”

अडचण कुठे होती

त्या प्रश्नातच अडचण होती. डोस मोजायची सवय आपल्याला पोलिओपासून लागली आहे. पिल्लाच्या बाबतीत डोसांची संख्या दुय्यम असते, डोस कोणत्या वयात पडला ते आधी पाहावं लागतं.

जन्मल्यावर पहिल्या दिवसात पिल्लू आईचा चीक पितं आणि त्यातून आईची प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) त्याला मिळतात. ही उसनी शक्ती काही आठवडे त्याचं रक्षण करते. पण तीच प्रतिपिंडं लसीतला विषाणूही निकामी करतात, त्यामुळे अंगात ती भरपूर असताना दिलेली लस वाया जाते. पुढे ती उतरत जातात आणि मधे एक वाईट काळ येतो: रोगाला अडवायला ती कमी पडतात, लसीला अडवायला मात्र पुरेशी असतात. हा काळ कुठल्या पिल्लाला सातव्या आठवड्यात येतो, कुठल्याला तेराव्या. बाहेरून बघून कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस द्यायचा, आणि शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावरच. तोवर जवळजवळ सगळ्या पिल्लांतली उसनी प्रतिपिंडं संपलेली असतात.

तिसाव्या दिवशी दिलेला, स्टिकर नसलेला डोस मी हिशेबातच धरला नाही. मुलाचा चेहरा पडला. बारा हजार मोजले होते त्याने, ‘लसीसकट’.

दुसरी अडचण जागेची. आपल्या किनाऱ्यावर तीन रोगांची धास्ती जास्त. पार्वो, म्हणजे उलट्या आणि रक्ताची हगवण. हा विषाणू ओल्या, सावलीतल्या मातीत महिनोन्महिने टिकतो, आणि फिनाईलला दाद देत नाही. मग लेप्टो. त्याची ओळख सिंधुदुर्गात कोणाला करून द्यायला नको. उंदरांच्या मुतातून भातशेतीच्या चिखलात उतरणारा हा रोग माणसाला होतो तसा कुत्र्यालाही होतो, आणि कुत्र्याच्या मुतातून घरच्यांपर्यंतही पोचू शकतो. तिसरा रेबीज.

समोर असलेले पर्याय

मुलाने स्वतःच एक पर्याय सुचवला. मुंबईहून किंवा तालुक्याच्या मेडिकलमधून कुपी घ्यायची आणि वाडीत इंजेक्शनं देणाऱ्या एका माणसाकडून टोचून घ्यायची. आबांना २८ किलोमीटर रिक्षाने यायला नको. ऐकायला सोयीचं, पण लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे. पिशवीत बर्फाला चिकटून गोठली तर रेबीज आणि लेप्टोची लस बिघडते, उन्हात तापली तर पार्वोची. बिघडलेली लस दिसायला चांगल्या लसीसारखीच असते, ही त्यातली मेख. हा पर्याय मी सरळ बाद केला.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना वाडीपासून सहा किलोमीटरवर. पण तिथला मुख्य भार गायी-म्हशींचा. पार्वो-डिस्टेंपरची (डिस्टेंपर हा कुत्र्यांचा आणखी एक जीवघेणा विषाणूजन्य रोग) एकत्रित लस तिथे आपणच आणून द्यावी लागली असती. म्हणजे पुन्हा बर्फाची पिशवी.

आबांचा पर्याय वेगळा होता: तीन महिने थांबू, पिल्लू जगलं-वाचलं की मग बघू. गावठी कुत्र्यांच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय, आणि आबांना तो निष्काळजीपणा वाटत नव्हता, व्यवहार वाटत होता. मी वाद घातला नाही. आजी मात्र म्हणाल्या, “ह्या पोराक परत मातयेत घालूचा नाय माका.” त्यावर विषय संपला. दर खेपेला रिक्षाने माझ्याकडे यायचं ठरलं.

काय केलं आणि कुठे चुकलो

पहिली चूक २५ सप्टेंबरचीच. बंड्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, शी पातळ. जंत उघड दिसत होते. मी जंताचं औषध दिलं आणि ‘आधी जंत पडू देत, आठवड्याने लस’ म्हणून परत पाठवलं. आमच्यातले पुष्कळ जण असंच करतात. पण पिल्लू खेळतं होतं, खात होतं, ताप नव्हता. जंताचं औषध आणि लस त्याच दिवशी देता आली असती. आठवडा फुकट गेला, आणि तोही कुठल्या अंगणात, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

पहिला डोस २ ऑक्टोबरला दिला. वय आठ आठवडे दोन दिवस. डिस्टेंपर, पार्वो, हिपॅटायटिस आणि लेप्टो एकत्र. लेप्टोला आठ आठवड्यांपासून सुरुवात करता येते आणि तिचे दोन डोस दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने लागतात. पाऊस उतरणीला लागला होता, तरी भात अजून शेतात होतं आणि उंदीरही.

१४ ऑक्टोबरला फोन आला, तोही मुंबईहून. खेळता खेळता बंड्याचा दात आबांच्या मनगटाला लागला होता. ओरखडा, रक्त नाही. सुनेला आजींकडून कळलं. आबांचं म्हणणं होतं, “पिल्लाच्या दातात विष नसता.” हा समज किनाऱ्यावर सर्रास आहे आणि जीव घेणारा आहे. रेबीज झालेल्या कुत्रीच्या किंवा कोल्ह्याच्या चाव्यातून लहान पिल्लालाही रेबीज होतो, आणि बंड्याला रेबीजची लस अजून मिळालेली नव्हती. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि आजच ग्रामीण रुग्णालयात जा, असं सांगितलं. रक्त न येता कातडी खरचटली तरी लस लागते. रक्त आलं असतं तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (म्हणजे रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडं) द्यावं लागलं असतं. आबा दुसऱ्या दिवशी गेले, तेही सुनेने तीनदा फोन केल्यावर. पिल्लू दहा दिवस ठणठणीत राहिलं की पुढच्या डोसांचं तिथले डॉक्टर ठरवतात. आबांनी मात्र सगळे डोस पुरे केले, आणि प्रत्येक वेळी परत येताना मला फोन करून ‘झाला’ एवढंच सांगितलं.

दुसरा डोस २३ ऑक्टोबरला ठरला होता. २१ च्या रात्री माझ्या दवाखान्याची वीज गेली, ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. फ्रीजमध्ये कमाल-किमान दाखवणारा तापमापक असतो. त्याने १५ अंश दाखवले. सहा कुपी होत्या. पहिला मोह होतो तो ‘काही तासांनी काय होतंय’ म्हणायचा. कुपीत पावडर तशीच दिसत होती. सगळ्या फेकल्या आणि आबांना फोन करून खरं कारण सांगितलं. कोल्हापूरहून नव्या कुपी आल्या आणि २६ ऑक्टोबरला, ११ आठवडे ५ दिवसांच्या वयात, दुसरा डोस पडला. तीन दिवसांच्या उशिराने फरक पडत नाही. मेलेली लस टोचली असती, तर कार्डावर स्टिकर आलं असतं आणि संरक्षण शून्य.

त्याच दिवशी आजींनी सहज बोलता बोलता सांगितलं की श्रावणात मागीलदारच्या लाकडांच्या माचाखाली गावठी कुत्री व्याली होती. “पाचय पिलां मेली. रगत हगत होती.”

मी पेन खाली ठेवलं. म्हणजे पार्वोची माती घराला लागून होती आणि पिल्लू महिनाभर तिच्याभोवती वावरत होतं. हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता: गेल्या वर्षभरात घरात किंवा शेजारी पिल्लू मेलंय का? आता तो माझ्या केसपेपरवर छापलेला आहे.

मग घरापुरता बंदोबस्त केला. पडवीची फरशी आधी साबणाने घासून काढायची, नंतर ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग असं द्रावण लावून दहा मिनिटं ओलं ठेवायचं. घाणीवर ब्लीच ओतून उपयोग नसतो, आणि मातीवर तर नाहीच. मागीलदार पूर्ण बंद. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला खळ्याबाहेर (खळं म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण), कारण हा विषाणू तळव्यांवरून घरोघर जातो. खळं पावसानंतर नव्याने घालायचंच होतं. आबांनी ते यंदा लवकर घेतलं, डोंगरावरची नवी माती टाकून चोपलं, सारवलं, आणि ते सुकल्यावरच बंड्याला खाली सोडलं.

कोंडून मात्र ठेवू नका, असं निक्षून सांगितलं. साधारण चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लू जे बघतं, ऐकतं, त्याची भीती त्याला पुढे वाटत नाही. आबांनी त्यावर आपला मार्ग काढला. घमेल्यात गोणपाट घालून बंड्याला बसवायचे आणि कमरेला धरून बांधापर्यंत फिरवून आणायचे. वाडीतली पोरं घमेल्यामागून वरात काढायची.

चौथ्या डोसाचा वाद

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, १६ नोव्हेंबरला, तिसरा डोस आणि सोबत रेबीजची पहिली लस दिली. वय १४ आठवडे ५ दिवस. कार्डावर छापलेले तीन रकाने भरले. दिवाळीला आलेल्या मुलाने कार्डाचा फोटोही काढला.

मी म्हटलं, ७ डिसेंबरला या. आबा म्हणाले, “तीन झाली मां? मगे आता चवथा कित्याक?”

प्रश्न रास्त होता, आणि त्यांना तो पडला याला मीच कारण होतो. पहिल्याच दिवशी मी ‘तीन-चार डोस लागतील’ असं मोघम बोललो होतो. सोळा आठवड्यांची तारीख, २५ नोव्हेंबर, कार्डावर लिहिली नव्हती. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही वाटलं असतं की डॉक्टर एक खेप वाढवतोय.

प्रतिपिंडांची गोष्ट सांगून बघितली. मान हलवली, पण पटलं नाही. मग खिडकीबाहेरच्या कलमाकडे बघून सुचलं. विचारलं, आबा, मोहोर सगळ्या फांद्यांना एका दिवशी येतो का? नाही म्हणाले. मग एक फवारणी करून गप्प का बसत नाही? ज्या फांदीला मोहोरच नाही, तिच्यावरचं औषध वाया, म्हणून पुन्हा मारता. फांदी कधी फुटणार ते बाहेरून दिसत नाही, शेवटची फुटल्यावर मारलेली फवारणी चुकवून चालत नाही. आबांनी कार्ड उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मलाच तारीख लिहायला लावली.

एकवीस नोव्हेंबर

पाचव्या दिवशी सकाळी साडेसातला रिक्षा दारात. बंड्या रात्रीपासून ओकत होता, दोनदा पातळ झालं होतं, दुसऱ्यांदा त्यात रक्ताचा धागा. आजी रडत होत्या. मागीलदारची पाच पिल्लं त्यांच्या डोळ्यांसमोर होती, खरं तर माझ्याही.

पार्वो तपासायची किट लावली. दहा मिनिटांनी दुसरी रेघ उमटली, पण अगदी पुसट, बोटाच्या सावलीएवढी.

इथे घाई केली असती तर गोंधळ झाला असता. लसीत जिवंत, पण कमजोर केलेला विषाणू असतो. लस दिल्यावर काही दिवस तो विष्ठेतून पडतो आणि किट त्यालाही पकडू शकते. म्हणजे ही रेघ रोगाची असेल किंवा आपल्याच डोसाची. उलट, पुसट रेघ म्हणून खरा पार्वो सोडून दिला, तर पिल्लू दोन दिवसांत हातचं जातं. मी दोन्ही शक्यता धरून चाललो. पिल्लाला वेगळ्या खोलीत ठेवलं, सलाईन लावलं, उलटी थांबवायचं औषध दिलं आणि रक्त तपासायला पाठवलं. पार्वोत पांढऱ्या पेशी सहसा कोसळतात. अहवाल दुपारी आला: ११,२००, म्हणजे नेहमीइतक्याच. तापमान १०२ फॅरनहाइट, म्हणजे कुत्र्याचं नेहमीचंच. हिरड्या गुलाबी.

संध्याकाळी बंड्याने पुन्हा उलटी केली आणि त्यात बांगड्याचं आख्खं शेपूट निघालं. आजींना विचारलं तेव्हा आठवलं: खळ्यात मीठ लावून सुकत घातलेल्या बांगड्यांची एक रोवळी आदल्या दिवशी अर्धी झाली होती. मांजरावर आळ गेला होता.

दोन दिवस सलाईन, मग मऊ भात आणि उकडलेली अंडी. तिसऱ्या दिवशी घरी. मूळ कारण खारवलेले बांगडे होते असं माझं मत आहे.

परिणाम

७ डिसेंबरला, १७ आठवडे ५ दिवसांच्या वयात, शेवटचा डोस पडला. रेबीजची लस सोबतच पुन्हा दिली. रेबीजचा वावर असलेल्या भागात पहिल्या डोसानंतर दोन ते चार आठवड्यांनी दुसरा देणं चांगलं.

नेहमीच्या हिशेबाने पुढची तारीख डिसेंबर २०२४ आली असती. ती मी मे २०२४ वर आणली, दोन कारणांनी. एक, लेप्टोच्या लसीचा प्रभाव साधारण वर्षभरच धरायचा असतो, आणि आपल्याकडे लेप्टो येतो तो पावसात. लावणीच्या चिखलात उतरायच्या आधी डोस ताजा हवा. दुसरं, सोळा आठवड्यांनंतरच्या डोसालाही क्वचित एखादं पिल्लू दाद देत नाही. डब्ल्यूएसएव्हीए या लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेने म्हणूनच वर्षभर न थांबता २६ आठवडे किंवा त्यानंतर लगेच एक डोस द्यायला सांगितलं आहे. जिथे लेप्टोचा प्रादुर्भाव आहे तिथे त्याची लसही आवश्यक लसींत धरली आहे. मे महिन्यात एकाच खेपेत सगळं झालं.

आता दर मे महिन्यात रेबीज आणि लेप्टोची लस. पार्वो-डिस्टेंपरची दर वर्षी गरज नाही, तीन वर्षांनी पुरते. हे सांगितल्यावर आबांनी माझ्याकडे जरा संशयाने बघितलं: चौथा डोस गळ्यात मारणारा डॉक्टर आता नको म्हणतोय.

२०२४ च्या पावसाळ्यात बंड्या रोज चिखलात लोळला. गोचिडांसाठी महिन्याची गोळी चालू आहे, कारण गोचीड-तापावर या लसींतली एकही चालत नाही. वजन ३१ किलो. वांदर कलमांवर येतात, पण बंड्या झोपलाय का ते बघून.

आज पुन्हा करायचं झालं तर

पहिली लस २५ सप्टेंबरलाच देईन. मागीलदारचा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारीन. धोका कळल्यावर डोसांमधलं अंतरही तीन आठवड्यांच्या वर जाऊ देणार नाही. दवाखान्याच्या फ्रीजला इन्व्हर्टर त्या ऑक्टोबरनंतर लावला, तो आधी लावायला हवा होता.

१४ ऑक्टोबरची गोष्ट मला अजून खटकते. पिल्लू घरात आलं की माणसांना ओरखडे पडणारच, हे मला माहीत होतं. मग त्याबद्दल पहिल्या दिवशी अवाक्षर का काढलं नाही? कुत्र्याच्या कार्डावर कुत्र्याचंच लिहायचं, ही आमची सवय. आता कार्डाच्या आतल्या बाजूला साबण, १५ मिनिटं आणि सर्वांत जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचं नाव मी हाताने लिहितो.

आणि कार्डाच्या वर, लाल पेनाने, सोळा आठवडे पूर्ण होण्याची तारीख. खाली रकाने तीन असोत की पाच. गेल्या महिन्यात आबा शेजाऱ्याचं पिल्लू घेऊन आले, त्याच घमेल्यात बसवून. मी कार्ड काढायच्या आधी त्यांनीच शेजाऱ्याला विचारलं, “जल्माची तारीख सांग आधी.”